बेटांवरच्या कॉलेजांत शेतीचं दूरशिक्षण: अमेरिकी कृषी खात्याचं अनुदान मागायचं कसं

अमेरिकेच्या कृषी खात्याचं दूरशिक्षणासाठीचं एक अनुदान फक्त बेटांसाठी राखून ठेवलेलं आहे. मुख्य भूमीवरच्या बड्या विद्यापीठांना ते मागता येत नाही. राष्ट्रीय कृषी संशोधन, विस्तार व शिक्षण धोरण कायदा १९७७ चा. त्यात २००२ च्या फार्म बिलाने, म्हणजे दर काही वर्षांनी होणाऱ्या शेतीविषयक मोठ्या कायद्याने, बेटांवरच्या उच्चशिक्षणासाठी नवी कलमं घातली. कलम १४९० दूरशिक्षणाचं, कलम १४९१ कॉलेजात राहून होणाऱ्या नेहमीच्या शिक्षणाचं. दोन्हींचा कारभार कृषी खात्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फूड अँड अ‍ॅग्रिकल्चरकडे, म्हणजे सगळे जिला ‘निफा’ म्हणतात तिच्याकडे.

रक्कम डोळे दिपवणारी नाही. २०१४ च्या फार्म बिलाने कलम १४९० साठी वर्षाला २० लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि त्यातले प्रत्यक्षात किती द्यायचे हे काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, दरवर्षी ठरवते. मागणारी कॉलेजंही मोजकीच. अशा ठिकाणी चकचकीत भाषेचा उपयोग कमी. दोन गोष्टींवर निकाल लागतो असं माझं मत आहे: कागदपत्रांची तयारी वेळेत झालेली असणं, आणि इंटरनेट बंद पडलं तरी चालेल असा अभ्यासक्रम हातात असणं. या कॉलेजांत शिकवणाऱ्यांनी किंवा मुख्य भूमीवरून त्यांच्याशी भागीदारी करू पाहणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी.

आधी पात्रता तपासा

कायद्याच्या व्याख्येत आठ ठिकाणं येतात: प्वेर्तो रिको, अमेरिकन व्हर्जिन बेटं, ग्वाम, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना बेटं, आणि मायक्रोनेशियाची संघराज्यं, मार्शल बेटं व पलाऊ. शेवटची तीन स्वतंत्र राष्ट्रं आहेत, पण अमेरिकेशी असलेल्या मुक्त सहयोगाच्या करारामुळे यादीत आहेत. हवाई यात नाही, कारण ते राज्य आहे आणि तिथल्या संस्थांसाठी निफाकडे वेगळं अनुदान आहे. अपिया राजधानी असलेला स्वतंत्र सामोआही यात नाही. पागो पागोचा अमेरिकन सामोआ मात्र आहे. नावांच्या सारखेपणामुळे होणारा हा गोंधळ आधीच निस्तरलेला बरा.

कॉलेज या बेटांवर असणं पुरेसं नाही. शेती आणि अन्नविज्ञानात शिकवण्याची आणि विस्तारकार्य, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचं काम, करण्याची क्षमता दाखवता आली पाहिजे. लँड-ग्रँट दर्जाच्या, म्हणजे शेतीचं शिक्षण, संशोधन आणि विस्तार यांसाठी संघीय कायद्याने नेमलेल्या, संस्थांना हे सोपं जातं. मायाग्वेसला कृषी महाविद्यालय असलेलं प्वेर्तो रिको विद्यापीठ, १९७२ मध्ये लँड-ग्रँट झालेली ग्वाम आणि व्हर्जिन बेटांची विद्यापीठं, अमेरिकन सामोआ कम्युनिटी कॉलेज, सायपानचं नॉर्दर्न मारियानाज कॉलेज, पोनपेचं कॉलेज ऑफ मायक्रोनेशिया, माजुरोचं कॉलेज ऑफ द मार्शल आयलंड्स आणि कोरोरचं पलाऊ कम्युनिटी कॉलेज ही ठळक नावं. ‘क्षमता आहे’ एवढं लिहून कुणी मानत नाही. कोणते विषय शिकवले जातात, मागच्या काही वर्षांत किती मुलं बसली आणि किती पास झाली, विस्तार कर्मचारी किती आणि कुठल्या बेटांवर, हे अर्ध्या पानाच्या तक्त्यात बसवा.

कॉलेजांना शैक्षणिक मान्यता देणाऱ्या प्रादेशिक आयोगाचं पत्र आताच काढून ठेवा. प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांची विद्यापीठं मिडल स्टेट्स आयोगाच्या अखत्यारीत, पॅसिफिकमधल्या संस्था पश्चिमेकडच्या आयोगांच्या. एखाद्या पदवीचा निम्म्याहून जास्त भाग दूरशिक्षणाने द्यायचा असेल तर आयोगाची आगाऊ मंजुरी लागते. तिला महिने जातात. प्रस्तावाच्या वेळापत्रकात हे महिने धरलेले नसले तर जाणकार परीक्षकाच्या ते लगेच ध्यानात येतं.

नोंदणी: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त नडणारं काम

संघीय अनुदानासाठी संस्थेची नोंद सॅम डॉट गव्ह या सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर असावी लागते आणि ती दरवर्षी नव्याने करावी लागते. तिथूनच बारा अक्षर-अंकांचा युनिक एंटिटी आयडी मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. कॉलेजच्या जुन्या फायलींत डन्स क्रमांक असेल तर तो आता उपयोगाचा नाही.

बेटांवर इथे एक खास अडचण येते. सॅमला संस्थेचा प्रत्यक्ष पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. बऱ्याच बेटांवर रस्त्यांना नावं आणि इमारतींना क्रमांकच नसतात, सगळी टपाल बॉक्सवर येते. मग सॅम नाव आणि पत्त्याचा पुरावा मागतो, आणि कॉलेजच्या वीजबिलावर एक नाव, सनदेवर दुसरं, बँकेच्या पत्रावर तिसरं निघतं. कुठे ‘द’ आहे, कुठे नाही, कुठे संक्षेप. यावर उपाय एकच: कायदेशीर नाव आणि जागेचं वर्णन तंतोतंत सारखं असलेली दोन कागदपत्रं आधीच तयार ठेवायची. विद्युत कंपनीकडून बिलावरचं नाव दुरुस्त करून घेण्यातच काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून अनुदानाची जाहिरात निघायची वाट न पाहता या कामाला लागा.

सॅमवर संस्थेचा व्यवहार-प्रतिनिधी कोण, हेही बघून घ्या. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असेल आणि खातं त्याच्याच ईमेलला जोडलेलं असेल, तर ग्रँट्स डॉट गव्ह या अर्ज भरण्याच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज सही करून पाठवण्याचे अधिकार द्यायला कुणी उरत नाही. हे अधिकार एका नव्हे, दोन माणसांना द्या.

जाहिरात वाचताना

निफाच्या संकेतस्थळावर आणि ग्रँट्स डॉट गव्हवर १०.३२२ या क्रमांकाने दूरशिक्षणाचं, तर १०.३०८ ने नेहमीच्या शिक्षणाचं अनुदान शोधता येतं. पुष्कळदा दोन्हींची जाहिरात एकत्र निघते. पहिल्या वाचनात फक्त सहा गोष्टींखाली रेघ मारा: एका प्रकल्पाला जास्तीत जास्त रक्कम, मुदत किती वर्षांची, एका संस्थेला किती अर्ज करता येतात, स्वतःचा वाटा (खर्चाचा काही भाग कॉलेजने उचलणं) लागतो का, पानांची मर्यादा, आणि शेवटची तारीख व वेळ. पानांची मर्यादा आणि अक्षरांचा आकार हे प्रकरण गांभीर्याने घ्या. मर्यादा ओलांडलेला अर्ज परीक्षकांपर्यंत पोचण्याआधीच बाद होऊ शकतो.

कलम १४९० नुसार पैसा उपकरणं, जाळं, सॉफ्टवेअर, शैक्षणिक सेवा, प्राध्यापकांचं व शिक्षकांचं प्रशिक्षण, स्थानिक शाळा किंवा संस्थांबरोबरचे संयुक्त प्रकल्प आणि तंत्रज्ञान-शिक्षण सांभाळणाऱ्यांच्या नेतृत्वविकासावर खर्च करता येतो. इमारतीचं नियोजन, खरेदी, बांधकाम किंवा दुरुस्ती यांना साफ मनाई आहे. सर्व्हरसाठी खोली पाडून नवी बांधणं म्हणजे उघडच बांधकाम. पण भिंतीवर बसवायचा एसी, छतावरची सौर पॅनेलं? अशा सीमारेषेवरच्या गोष्टी निफात हे अनुदान सांभाळणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेला होकार ऑडिटमध्ये कामाला येत नाही.

काय शिकवायचं ते आधी, यंत्रं मागून

बहुतेक कच्चे मसुदे यंत्रांच्या यादीपासून सुरू होतात: इतके कॅमेरे, इतके लॅपटॉप, एक स्टुडिओ. हा क्रम उलटा करा. कोणत्या बेटावरच्या कोणत्या विद्यार्थ्याला कोणतं प्रमाणपत्र किंवा पदवी आज मिळत नाही, आणि ती मिळाली तर त्याला कुठे काम आहे, हे एका परिच्छेदात सांगता आलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

विषय बेटाचा हवा. मका-सोयाबीनच्या पट्ट्यासाठी रचलेला मृदाशास्त्राचा कोर्स प्रवाळबेटावर फारसा उपयोगाचा नाही. तिथली माती म्हणजे प्रवाळाचा चुनखडीयुक्त चुरा, अल्कधर्मी, पातळ थराची. लोह, जस्त यांसारखी सूक्ष्मद्रव्यं असली तरी पिकाला मिळत नाहीत. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ भिंगासारख्या थरात असतं. उपसा जास्त झाला किंवा लाट आत शिरली की ते खारावतं, आणि खड्ड्यांत लावलेला दलदली टॅरो, म्हणजे अळूच्याच कुळातलं कंदपीक, मरतो. ग्वामचा प्रश्न निराळा. २००७ मध्ये तिथे नारळावरचा गेंडाभुंगा सापडला आणि तेव्हापासून माड वाचवण्याची धडपड चालू आहे. अमेरिकन सामोआत १९९० च्या दशकात पानांवरच्या करप्याने टॅरोचं पीक झोपवलं. प्वेर्तो रिकोत कॉफी आणि वादळानंतर मळे पुन्हा उभे करणं, व्हर्जिन बेटांपैकी सेंट क्रॉयवर तिथेच घडवलेली सेनेपोल जातीची गुरं आणि पाण्याची टंचाई. असा एक खरा प्रश्न घेऊन त्याभोवती चार-पाच कोर्सची माळ गुंफली की परीक्षकाला हा प्रकल्प इथेच का हवा, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी बाब क्रेडिटची. दोन वर्षांच्या कॉलेजात घेतलेला कोर्स पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरला जाणार का? लेखी हस्तांतरण करार असेल तर तो जोडा. नसेल तर तो करणं हेच पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट ठेवा. यावर गप्प बसलेला प्रस्ताव मला तरी अर्धवट वाटतो.

प्रात्यक्षिकांचं काय? शेतीशास्त्र पडद्यावर पूर्ण शिकवता येत नाही, आणि येतं असं भासवूही नये. मातीचा सामू मोजण्याचे संच, भिंगं, फेरोमोन सापळे अशा पेट्या विद्यार्थ्यांपर्यंत बोटीने किंवा विमानाने पोचवायच्या, आणि बाहेरच्या बेटावर असलेल्या विस्तार कर्मचाऱ्याला प्रात्यक्षिक घेण्याचं मानधन द्यायचं. हा माणूस म्हणजे प्रकल्पाचा कणा. त्याचं नाव, वेळ आणि पैसा बजेटमध्ये दिसला पाहिजे.

शिवाय अमेरिकी शिक्षण खात्याच्या नियमाप्रमाणे दूरशिक्षणात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित आणि अर्थपूर्ण संपर्क लागतो. तो नसेल तर कोर्स ‘पत्रद्वारा शिक्षण’ ठरतो आणि विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीवर गदा येऊ शकते. नुसती ध्वनिमुद्रित व्याख्यानं टाकून मोकळं होता येत नाही. दर आठवड्याला शिक्षक काय करणार, हे एका नमुना आठवड्याच्या तक्त्यात दाखवा.

इंटरनेट जाईल हे धरूनच आराखडा

पॅसिफिकमध्ये दूरशिक्षणाचे प्रयोग नवे नाहीत. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये नासाच्या निवृत्तीला आलेल्या एटीएस-१ उपग्रहावरून पीससॅट हे संपर्काचं जाळं सुरू केलं आणि बेटाबेटांत आवाजी वर्ग भरू लागले. आता समुद्रतळाच्या केबली आल्या आहेत. पोनपे आणि माजुरो २०१० मध्ये जोडली गेली, पलाऊ २०१७ मध्ये. पण एकाच केबलवर भिस्त म्हणजे काय ते जुलै २०१५ मध्ये नॉर्दर्न मारियानाने पाहिलं. ग्वामकडे जाणारी एकुलती केबल तुटली आणि फोन, इंटरनेट, बँकांची यंत्रं सगळं ठप्प झालं. वादळांची तर गणती नको: २०१७ चं मारिया, २०१८ चं युटू, २०२३ चं मावार.

तेव्हा प्रस्तावात एक परिच्छेद ‘जाळं बंद पडलं तर’ यावर हवाच. कोर्सचं साहित्य कॉलेजातल्या स्थानिक सर्व्हरवर आणि विद्यार्थ्याच्या फोनमध्ये आधीच उतरलेलं, व्हिडिओची हलकी आवृत्ती, आवाजाची वेगळी फाइल, छापील पुस्तिका, आणि परीक्षा ऑफलाइन देऊन नंतर पाठवण्याची सोय. थेट वर्ग कमी आणि त्यांचं रेकॉर्डिंग नेहमी. यंत्रांसाठी बॅटरी-इन्व्हर्टर आणि खाऱ्या हवेपासून संरक्षण. उघड्यावर ठेवलेली जोडणी खारी हवा बघता बघता खाते, त्यामुळे सुटे भाग आणि बदलीची रक्कम दुसऱ्या वर्षाच्या बजेटमध्ये धरा.

अनेक कॉलेजं मिळून अर्ज करत असाल तर घड्याळ समोर ठेवून बोला. ग्वाममध्ये सोमवारी सकाळी दहाचा वर्ग म्हणजे पागो पागोत रविवार दुपारचा एक. तिथे रविवारी चर्च सोडून वर्गाला कोण बसणार? ग्वामचा मंगळवार धरला की प्रश्न मिटतो. फी कोणाकडे जमा होणार, गुणपत्रिकेवर कोणत्या कॉलेजचं नाव, शिकवण्याची प्रणाली कोण चालवणार, आणि दोन कॉलेजांच्या सत्रांच्या तारखा जुळत नसतील तर काय, हे चार प्रश्न सामंजस्य करारात सोडवा. कुलगुरूंच्या गोड शब्दांतल्या पाठिंब्याच्या पत्रापेक्षा ‘आमचा अमुक विषयाचा शिक्षक सत्राला एक कोर्स शिकवेल’ असं एका ओळीचं पत्र जास्त वजनाचं.

बजेट

माणसं आधी. कोर्स रचणाऱ्या प्राध्यापकाला त्या सत्रात शिकवण्यातून मिळालेली सूट, अध्यापन-रचनाकार, बाहेरच्या बेटांवरचे सहाय्यक, विद्यार्थी मदतनीस. नंतर यंत्रं. ऑक्टोबर २०२४ पासून संघीय नियमात ‘उपकरण’ म्हणजे एका नगाची किंमत १०,००० डॉलर किंवा जास्त. पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. त्याखालचे लॅपटॉप, कॅमेरे ‘साहित्य’ या शीर्षात जातात. मात्र कॉलेजचं स्वतःचं धोरण कमी आकड्याचं असेल तर तोच आकडा धरावा लागतो.

वाहतूक हा बेटांचा कायमचा जाच. मुख्य भूमीवरच्या दुकानातली किंमत टाकून मोकळे होऊ नका. मालवाहतूक, विमा, बंदराचे आकार वेगळ्या ओळीत लिहा. प्रवासासाठी फ्लाय अमेरिका कायदा लागू असतो, म्हणजे साधारणपणे अमेरिकी विमानकंपनीच. ग्वाम ते होनोलुलू दरम्यान चूक, पोनपे, कोस्राए, क्वाजालेन, माजुरो या बेटांवर थांबत जाणारं ‘आयलंड हॉपर’ विमान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिथलं भाडंही ठाऊक असतं. ज्यांना नाही, त्या परीक्षकांसाठी भाड्याचं कोटेशन समर्थनात द्या.

आता ओव्हरहेड, म्हणजे अप्रत्यक्ष खर्च. निफाच्या स्पर्धात्मक अनुदानांवर कायद्याने एकूण संघीय रकमेच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हे ३० टक्के एकूण रकमेचे आहेत, प्रत्यक्ष खर्चाचे नव्हेत, आणि घोळ नेमका इथे होतो. प्रत्यक्ष खर्च १,४०,००० डॉलर असेल तर ओव्हरहेड जास्तीत जास्त ६०,०००, कारण एकूण २,००,००० चे ३० टक्के तेवढेच. म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या ४२.८५७ टक्के. कॉलेजचा संघीय सरकारशी ठरलेला दर याहून कमी पडत असेल तर तो कमी आकडाच घ्यायचा. ज्यांचा असा दर कधीच ठरलेला नाही, त्यांना सुधारित नियमांनुसार १५ टक्क्यांचा सरसकट दर घेता येतो. त्या वर्षीच्या जाहिरातीत वेगळी अट असेल तर ती वरचढ.

स्वतःच्या वाट्याचं सूत्र असं: कलम १४९० नुसार कृषिमंत्र्यांना अनुदानाच्या किमान निम्म्याइतका वाटा मागता येतो, पण परवडणार नाही तिथे तो माफही करता येतो. जाहिरातीत वाटा मागितलेला दिसला तर १९८० चा सार्वजनिक कायदा ९६-२०५ आठवा. त्याच्या जोरावर अमेरिकन सामोआ, ग्वाम, व्हर्जिन बेटं आणि नॉर्दर्न मारियाना यांना २,००,००० डॉलरच्या आतला वाटा माफ होतो. त्या यादीत प्वेर्तो रिको आणि तीन स्वतंत्र राष्ट्रं नाहीत, त्यांनी माफीचा अर्ज वेगळा करावा. वाटा मागितलेलाच नसेल तर स्वखुशीने देऊ नका. एकदा लिहिलेला वाटा ऑडिटच्या दृष्टीने बंधनकारक होतो.

प्रस्तावाचं लेखन

मांडणी जाहिरातीतल्या गुणतक्त्याच्याच क्रमाने आणि त्याच शीर्षकांनी करा. परीक्षक एका बैठकीत अनेक अर्ज वाचतो, त्याला शोधाशोध करायला लावू नये. उद्दिष्टं तीन-चार पुरेत, प्रत्येकाला आजचा आकडा आणि अखेरचा आकडा. ‘जागृती वाढेल’ असली वाक्यं खोडून टाका. कोर्स पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जास्त महत्त्वाचं, कारण दूरशिक्षणात नाव घालणारे पुष्कळ असतात आणि मधेच सोडणारेही. मूल्यमापन करणारा माणूस प्रकल्पाबाहेरचा असावा.

अनुदान संपल्यावर कोर्स कोण चालवणार, या प्रश्नाला ‘आम्ही आणखी अनुदान शोधू’ हे उत्तर नव्हे. कोर्स नियमित कॅटलॉगमध्ये आणणं, प्रणालीचं वार्षिक शुल्क कॉलेजच्या बजेटमध्ये घेणं, याचं अध्यक्षांच्या सहीचं पत्र जोडा. डेटा व्यवस्थापनाचा आराखडा आणि प्रमुख व्यक्तींचे चालू-प्रलंबित अनुदानांचे तक्ते ही निफाची नेहमीची जोडपत्रं लवकर गोळा करा. भागीदार कॉलेजांकडून ती शेवटच्या क्षणी कधीच येत नाहीत.

अर्ज पाठवण्याचा दिवस

वेळ बहुधा पूर्व किनाऱ्याची, संध्याकाळी पाचची. उन्हाळी वेळेत तेव्हा ग्वाममध्ये दुसऱ्या दिवशी सकाळचे सात, पोनपेत आठ, माजुरोत नऊ, पलाऊत सहा वाजलेले असतात. म्हणजे पॅसिफिकच्या पश्चिमेला शेवटचा कामाचा दिवस जाहिरातीतल्या तारखेचाच, त्यानंतरची सकाळ धरू नका. अमेरिकन सामोआत मात्र त्याच दिवशी सकाळचे दहा असतात, तिथे दुपारी बसून पाठवू म्हणणारा हुकला.

तीन दिवस आधी पाठवा. ग्रँट्स डॉट गव्हकडून आधी ‘पोचला’ आणि मग ‘तपासून स्वीकारला’ असे वेगवेगळे संदेश येतात. नुसत्या पहिल्यावर निश्चिंत होऊ नये, कारण चुका सापडल्या तर अर्ज परत येतो. जोडपत्रं सगळी पीडीएफ, पासवर्डाशिवाय, साध्या छोट्या नावांची. फाइलच्या नावात मायाग्वेससारख्या शब्दांवरची स्पॅनिश स्वरचिन्हं किंवा ग्वाम-मारियानाच्या चामोरू भाषेतली चिन्हं ठेवू नका.

नाही म्हणाले तर

परीक्षकांचे शेरे अर्जदाराला मिळतात. ते वाचून प्रोग्रॅम ऑफिसरशी बोला आणि पुढच्या फेरीत, जाहिरात परवानगी देत असेल तर, प्रत्येक शेऱ्याला काय केलं ते सांगणारं छोटं उत्तरपत्र जोडा. मधल्या काळात दुसरी दारंही ठोठवावीत. कृषी खात्याच्याच ग्रामीण विकास विभागाचं ‘डिस्टन्स लर्निंग अँड टेलिमेडिसिन’ अनुदान जोडणी आणि यंत्रांसाठी आहे, मात्र त्याला १५ टक्के वाटा लागतो. बेटांवरच्या लँड-ग्रँट संस्थांच्या इमारती आणि उपकरणांसाठी त्याच १९७७ च्या कायद्यात कलम १४४७-बी आहे. प्वेर्तो रिकोतल्या संस्थांना हिस्पॅनिक-सेवा संस्थांचं शिक्षण अनुदानही मागता येतं.

आणि निफाच्या परीक्षक यादीत स्वतःचं नाव नोंदवा. आपल्या कॉलेजचा अर्ज असलेल्या पॅनेलवर अर्थात बसता येणार नाही, पण दुसऱ्या एखाद्या शिक्षण-अनुदानाच्या पॅनेलवर बसलात की लोक पहिल्या पानावर कुठे अडखळतात आणि बजेटच्या कोणत्या ओळीवर वाद होतो, ते समोरच दिसतं.